माझ्या नावाचा होकार

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण या प्रकरणात एक इंग्रजी पुस्तक येतं आणि ते मी वाचलेलं नाही. लहानपणाचं मागे लिहून झालं. हे फार नंतरचं आहे, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हाचं. मग ते वाढत्या वयाच्या पुस्तकात कशाला, असं माझ्या नातीने विचारलं. तिला म्हटलं, माणूस मोठा कधी होतो ते शाळेच्या दाखल्यावरून ठरत नसतं. माझं राहून गेलेलं मोठं होणं त्या एका वर्षात झालं. झालं की नाही, याचीही मला पुरती खात्री नाही.

आमचं गॅरेज गोंदियाजवळ कुडव्यात रस्त्याला लागून होतं आणि घर त्याच्या पाठीमागे. मध्ये भिंत नव्हती, बांबूची ताटी होती. ताटीच्या अलीकडे पाने, जॅक, तेलाचे डबे, पलीकडे चूल. फोडणीचा वास इकडे यायचा आणि डिझेलचा तिकडे जायचा. सकाळपासून जवळच्या राईस मिलचा धडधडाट सुरू व्हायचा, उसन्या, म्हणजे उकडलेल्या धानाचा आंबूस वास हवेत भरून असायचा, आणि कोंड्याची काळी राख येऊन नेमकी दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर बसायची. रत्ना, माझी बायको, रोज मिलवाल्याच्या नावाने बोटं मोडायची आणि रोज पांढरंच धुवायची. वरून बिरसीच्या विमानशाळेची छोटी विमानं घोंगावत जायची. माय दारात बसून तांदूळ निवडायची आणि विमान गेलं की म्हणायची, "गेला एक शिकाऊ." तिला सगळी विमानं शिकाऊच वाटायची, मोठ्या साहेबांचं विमान आलं तरी. जेवण म्हणजे भात आणि लाखोळीची डाळ. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि रविवारी सुके झिंगे. झिंगे भाजायला घेतले की गॅरेजमधली गिऱ्हाइकं गाडीचं काम झालं तरी उगाच रेंगाळायची.

मिलिंद माझा धाकटा भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. बाबा गेले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. त्याला मी वाढवला, आयटीआयला घातला, आणि तिथे जे शिकवलं नाही ते हाताला धरून शिकवलं. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दुसरं टोक कानाला कसं लावायचं, आत कोण रडून राहिलं ते कसं ओळखायचं, हे त्याला माझ्याकडून आलं. त्याचा हात चांगला होता. माझ्याहून चांगला आहे असं लोक म्हणत, मी म्हणत नव्हतो. गॅरेजचा कायदा मी केलेला होता. ज्याने इंजिन बांधलं त्याच्याशिवाय दुसऱ्याने ते उघडायचं नाही. आणि गिऱ्हाइकाला हो किंवा नाही म्हणायचं ते फक्त मी. आजकालची पोरं याला हुकूमशाही म्हणतात. पण गोंदियापासून आमगावपर्यंत लोक माझ्याकडे गाडी आणत होते ते माझ्या नाही म्हणण्यासाठी. धनराज मिस्त्री नाही म्हणाला म्हणजे नाही, असं लोक एकमेकांना सांगत.

ती गाडी ट्रकवर बसून आली. चांदीसारखी, बसकी, दोन दारांची जपानी गाडी. मालक बिरसीच्या शाळेत विमान शिकवणारे एक साहेब होते, उत्तरेकडचे. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. परदेशात नोकरी केली तेव्हा ती घेतली होती आणि जीव अडकल्यासारखी इथवर आणली होती. नागपूरला दोघा-तिघांनी हात लावायला नकार दिला, तेव्हा एका मिलमालकाने त्यांना माझं नाव सांगितलं. मी बॉनेट उघडलं आणि पिस्टनची जागा शोधायला लागलो. ती नव्हतीच. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. मला वाटलं, साहेब चेष्टा करून राहिले.

मग मिलिंदने साहेबांनी गाडीसोबत दिलेलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला सुरुवात केली, दुपारी जेवण झाल्यावर, गॅरेजच्या पायरीवर बसून. या इंजिनात फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण असतो, तसे दोन. तो चपट्या शेंगेच्या आकाराच्या घरात गोल गोल फिरतो आणि फिरता फिरताच हवा ओढतो, दाबतो, पेटवतो, धूर टाकतो. त्रिकोणाच्या तीन टोकांवर बोटभर लांब पट्ट्या आणि बाजूंना वाकड्या बारीक पट्ट्या, दाब गळू नये म्हणून. मिलिंद सांगत होता आणि मी डोळे मिटून फिरवून पाहत होतो. मायने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "हे तर खलात बत्ता घासत फिरवल्यावानी आहे गा." त्या एका वाक्याने मला ते इंजिन कळलं. साहेबांनी पाच दिवस समजावलं होतं.

नव्या पट्ट्या बाहेरदेशातून मागवल्या, काड्यापेटीएवढ्या डब्यांत आल्या. इंजिन मी बांधलं. मिलिंद पुस्तक घेऊन शेजारी उभा आणि मी कानशीने बाजूच्या पट्ट्या घासून बसवत होतो. पुस्तकात पट्टीच्या टोकाशी किती फट ठेवायची ते लिहिलं होतं. मला ती जास्त वाटली. आयुष्यभर मिलची इंजिनं बांधली होती मी. तिथे फट जास्त ठेवली की इंजिन तेल पितं आणि मालक शिव्या देतो, म्हणून माझी इंजिनं घट्ट असायची, तेच माझं नाव होतं. मिलिंद दोनदा म्हणाला, दादा, पुस्तकात याच्या दुप्पट लिहिलं आहे. मी म्हटलं, पुस्तक जपानात लिहिलं, इंजिन मी कुडव्यात बांधून राहिलो. त्याने पान उलटलं.

इंजिन सुरू झालं तेव्हा मिलचा आवाजसुद्धा मला ऐकू येईना. डिझेल ठोकतं, हे गुणगुणत होतं. रेस दिली की गुणगुण चढत जायची आणि कुठे अडायचीच नाही. आमच्याकडे नारळ फोडायची रीत नाही, बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ते सगळं सुटलं. पण मायने मुरमुरे आणि गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला, साहेबांच्याही. साहेबांनी माझा काळा हात धरला आणि त्या दिवसापासून मला उस्ताद म्हणायला लागले. मिलिंदला ते मिलिंदच म्हणत.

पावसाळा संपता संपता साहेब टर्बोचं बोलायला लागले. ट्रकला असतो तो टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. गाडी वरच्या वेगाला पळते, पण सुरुवातीला दम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी तीन दिवस विचार केला. त्यांच्या शेजारी बसून बिरसीच्या रस्त्याने गेलो, आलो. मला मोह झाला नाही असं नाही. जिल्ह्यात कोणी केलं नव्हतं ते माझ्या हातून झालं असतं. पण या इंजिनात हवा आधीच खूप दाबली जाते. त्यात आणखी कोंबली तर पेट्रोल वेळेआधी पेटतं, आतून घण बसतो, आणि तो बसतो नेमका त्रिकोणाच्या टोकावरच्या पट्ट्यांवर. पट्टी तुटली की इंजिन संपलं. शिवाय आपल्या पंपांवरचं पेट्रोल कसं, ते आपल्याला माहीत. चौथ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की हे इंजिन स्वतःच्या श्वासावर चालायला बनलं आहे, त्याला तसंच चालू द्या. साहेब हिरमुसले, पण म्हणाले, "आपकी ना, तो ना, उस्ताद." मला तेव्हा जे वाटलं ते मी आता लिहिताना लपवत नाही. विमान उडवणारा माणूस माझ्या शब्दावर थांबला होता.

मिलिंद मात्र थांबला नाही. दोन दिवस धुमसत राहिला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना बोलला. थोडीच हवा देऊ, पेट्रोल वाढवू, मधात हवा थंड करायची जाळी बसवू, सगळं बाहेरून होते, इंजिन उघडायचं कामच नाही. त्याने वहीत आकृत्या काढल्या होत्या. मी वही पाहिली नाही. ते मला आज खुपतं, पण नाही पाहिली. म्हटलं, विषय संपला. मायने त्याच्या ताटात भात वाढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की लेकराचं ऐकून तरी घ्यावं. तो तिशीचा होता. मी ऐकलं नाही.

मग मी दरेकशाला गेलो. एका ठेकेदाराचं क्रशरचं मोठं इंजिन बांधायचं होतं. दहा दिवस डोंगरात राहिलो, तिथे मोबाईलला टॉवर सापडत नव्हता. परत आलो तो लोकलने, दुपारचा. घरी पोचलो तर रत्नाने झिंगे केले होते, आणि तो रविवार नव्हता. मी जेवायला बसलो तर ती वाढत राहिली, बोलत नव्हती. माय उलट फार बोलत होती, कोंबडीने अंडी कुठे दिली, शेजारणीच्या सुनेचं काय झालं. मी हात धुतले आणि ताटीपलीकडे गेलो. माझे पाने खिळ्यांना टांगलेले होते, सगळे होते, पण क्रम चुकला होता. बारा नंबरच्या जागी चौदा. कोपऱ्यात परदेशी अक्षरांचं मोठं रिकामं खोकं, आणि जमिनीवर कापलेल्या पाइपाचा ताजा चकचकीत चुरा.

मी कोणाला काही विचारायच्या आत रस्त्यावरून आवाज आला. गुणगुण तीच होती, पण तिच्यावर एक शिट्टी चढलेली, आणि रेसवरचा पाय सोडला की फुस्स. गाडी दारात थांबली. साहेब उतरले, शेजारच्या बाजूने मिलिंद उतरला. साहेब हसत पुढे आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"उस्ताद, आपने हाँ कर दी, मज़ा आ गया. मिलिंद ने बताया, आपने दरेकसा से कहलवाया."

मी मिलिंदकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, खाली नाही. त्या क्षणी मी सांगू शकलो असतो की मी हो म्हटलं नाही. पण मग साहेबांना कळलं असतं की धनराज मिस्त्रीच्या घरात धनराज मिस्त्रीचा शब्द चालत नाही. मी म्हटलं, "अच्छा किया." साहेब मला एक चक्कर मारून आणतो म्हणाले, मी डोकं दुखतं सांगितलं.

ते गेल्यावर मी मिलिंदला विचारलं, "माझ्या तोंडचा हो तू कोणाले विचारून वापरला?"

"कोणाले विचारू? तू नाही म्हटल्यावर या घरात दुसऱ्या कोणाले तोंड राहते का?"

"मग स्वतःच्या नावानं करायचं होतं."

"माझ्या नावानं साहेबानं लावू दिला असता? तूच सांग, दादा."

मग मी त्याला नको ते बोललो. बाबांच्या मागे मी तुला ताटातला घास दिला, तेही काढलं. तेव्हा माय ताटीच्या पलीकडून म्हणाली, "त्याले बोलू नको. मीच म्हटलं, कर म्हणून." आणि रत्ना चुलीपुढे पाठ करून बसली होती. दहा दिवस तिच्या डोळ्यांसमोर ते काम चाललं, तिने मिलिंदला आणि साहेबांना दुपारचा भात वाढला, आणि निरोप पाठवायला दरेकशाची गाडी रोज होती. निरोप का नाही पाठवला, मी तिला तेवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आले असते तर थांबवलं असतं. म्हणून नाही पाठवला." इतकं सरळ कोणी दगा दिल्याचं मी पाहिलं नाही. बाहेरचा माणूस फसवतो तेव्हा निदान तोंड लपवतो.

त्यानंतरचे महिने मी मिलिंदशी बोललो नाही. एकाच छताखाली, एकाच गॅरेजात. पाना पाहिजे असला तर मी रत्नाला हाक मारायचो आणि ती पोळपाट सोडून येऊन, तीन हातांवर उभ्या असलेल्या मिलिंदला सांगायची की यांना सतरा नंबर पाहिजे. तो द्यायचा. गिऱ्हाइकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. आणि गाडी चालली, हे सगळ्यात वाईट. सारी थंडी ती चालली. नागपूरहून दोन पोरं ती बघायला आली आणि त्यांनी विचारलं, मिलिंदभाऊ कोण. मी पंक्चर काढत होतो, बोट केलं. रस्त्यावरून ती शिट्टी वाजत गेली की माय दारातून माझ्याकडे पाहायची आणि मी मान वर करत नव्हतो. खरं सांगायचं तर मी वाट पाहत होतो. स्वतःच बांधलेलं इंजिन फुटायची वाट पाहणारा मिस्त्री तुम्ही पाहिला नसेल, तो मी होतो.

मिलिंद आता रायपूरला असतो. त्याचं गॅरेज माझ्या तिप्पट आहे, असं ऐकतो. सणावाराला येतो, पाया पडतो, नातीला घेऊन फिरतो. आम्ही हवापाण्याचं बोलतो. पहिला दगा त्याचा, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही सोडत नाही. पण हे प्रकरण तिथे संपवलं असतं तर ते लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

उन्हाळ्यात, अंगाची लाही होत होती अशा एका दिवशी, गाडी बिरसीच्या रस्त्यावर बंद पडली. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. साहेबांचं तोंड उतरलं होतं. मी खूश झालो होतो, आणि ते लपवायला मी लगेच कामाला लागलो. इंजिन मी बांधलेलं, उघडायचा हक्क माझाच, मिलिंदने तो मोडला नव्हता. टर्बो बसवला तोही सगळा बाहेरून. मी एकेक भाग काढत गेलो आणि मिलिंद न सांगता शेजारी बसून ते रॉकेलात धुऊन ट्रेमध्ये ओळीने मांडत गेला. साहेब स्टुलावर बसून होते. बारा वाजून गेले तसं पलीकडून डाळीचा वास यायला लागला.

टर्बोने घात केला असता तर टोकावरच्या पट्ट्या तुटल्या असत्या. हे मीच साहेबांना सांगितलं होतं, शब्दाशब्दाने. मी पहिला त्रिकोण काढला. तिन्ही टोकांच्या पट्ट्या धड. दुसरा काढला. त्याच्याही धड, कुठे टवका नाही. मग बाजूच्या बारीक पट्ट्या पाहिल्या. दुसऱ्या त्रिकोणाची एक पट्टी खाचेत रुतून बसली होती, नखाने हलेना. तापून लांब झाली, सरकायला पुढे जागा नव्हती, तिने टोकाजवळचा, पट्ट्या जिथे मिळतात तिथला छोटा गोल तुकडा ढकलून तिरपा केला आणि त्याने बाजूच्या प्लेटवर बोटभर रुंद चर ओढला होता. घणाची कुठे खूण नव्हती. जागा नव्हती एवढंच. ती जागा मी ठेवली नव्हती. टर्बो नसता तर उष्णता कमी राहिली असती आणि इंजिनाने कदाचित आणखी एक उन्हाळा काढला असता, हे खरं. पण मेलं असतं ते त्याच जागी, माझ्याच हाताने.

मी ती पट्टी चिमट्याने ओढून काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. मिलिंदने ती उचलली, रॉकेलात बुडवली, पुसली, प्रकाशाकडे धरून तिची टोकं पाहिली. टोकं घासून चमकत होती. त्याला कळलं. पुस्तक वाचून दाखवणारा तोच होता. त्याने पट्टी जिथल्या तिथे ठेवली आणि फडक्याने हात पुसत राहिला.

साहेब उठून आले. "क्या हुआ, उस्ताद?"

मी म्हटलं, "टर्बो."

साहेबांनी मिलिंदकडे पाहिलं. रागाने नाही, थकून पाहिलं. "यार, उस्ताद पहले ही मना कर रहे थे न?" म्हणजे त्यांना माझी पहिली ना आठवत होती, आणि ती ना आता सोन्याची झाली होती. मिलिंद म्हणाला, "जी, साहब." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहिली. एक शब्द तो बोलला असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. कबूल केलं असतं असं म्हणायला मला आवडेल. साहेब गेले. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि गाडी जशी आली तशी ट्रकवर बसून गेली, उघड्या इंजिनाची खोकी मागच्या सीटवर ठेवून.

पण त्या दुपारी, साहेब दाराबाहेर पडल्यावर, रत्नाने पानं वाढली. भात, लाखोळीची डाळ, आंब्याची फोड. मिलिंद आणि मी समोरासमोर बसलो. माय भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलेलं होतं, ताटी काही भिंत नव्हती. पण तिला तोंडून ऐकायचं होतं.

"चूक कोणाची निघाली गा?" तिने विचारलं.

मी घास चावत होतो. तो संपायला वेळ लागला.

"माझी, माय," मिलिंद म्हणाला.

रत्ना डाळीचं भांडं घेऊन उभी होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताट पुढे सरकवलं, तिने डाळ वाढली, आणि मी त्या दिवशी पोटभर जेवलो.